मेंढ्याची निर्दोष सुटका

शिरूरमध्ये मी सत्तावीस वर्षं पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम केलं, आणि मी नक्की काय करते हे माझ्या सासरच्या मंडळींना शेवटपर्यंत कळलं नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं की सासूबाई आवाज खाली आणून सांगायच्या, "लघवी तपासते ती." समोरची बाई माझ्याकडे सहानुभूतीने बघायची आणि ताटात आणखी एक जिलबी वाढायची. त्या जिलब्यांपायी मीही कधी खुलासा केला नाही.

आता निवृत्त झाले आहे, तेव्हा करते. सर्जन माणसाच्या शरीरातून जे काही कापून काढतो, ते बाटलीत घालून आमच्याकडे येतं. आम्ही त्याचा मेणात ठोकळा करतो, त्या ठोकळ्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतो, काचेवर चिकटवतो, गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगतो, हे काय आहे. साधं आहे की कॅन्सर. पेशंट आम्हाला बघत नाही, आम्ही पेशंटला बघत नाही. आमची ओळख फक्त त्याच्या एका तुकड्याशी.

ही बाटलीही नव्वदच्या दशकात आमच्याकडे क्वचितच बाटली असायची. लोणच्याची बरणी असायची, जॅमची असायची, एकदा अत्तराची कुपी आली होती आणि तिच्यातली चामखीळ अजून सुगंधी होती. आठवड्यातून दोनदा मी एसटीने दौंडला जायची, तिथल्या दवाखान्यांचे नमुने गोळा करायची. बाकीचे दिवस हे काम माझे टेक्निशियन रफिकभाई करायचे. ते दौंडचेच, वडील रेल्वेत होते. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, मितभाषी आणि कामात इतके चोख की नमुन्याचा एक तुकडा नेहमी मूळ बाटलीत राखून ठेवायचे. कुठल्या पुस्तकात ते लिहिलेलं नव्हतं. "मॅडम, बाटली रिकामी झाली की तोंड बंद होतं तिचं," असं त्यांचं म्हणणं.

एकदा मात्र त्यांनी एक पित्ताशय हरवलं. स्टीलच्या डब्यात घालून ते पुण्याकडून पॅसेंजरने आणत होते, दौंडच्या फलाटावर उतरले आणि डबा गाडीतच राहिला. पित्ताशय सोलापूरला गेलं. दोन दिवसांनी परत आलं, पण स्टेशनवरचा बाबू फॉर्म भरल्याशिवाय डबा देईना. फॉर्ममध्ये 'वस्तूचे वर्णन' असा रकाना होता. रफिकभाईंनी लिहिलं, 'पित्ताशय, नग एक, मालक घरी सुखरूप.' बाबूने डबा उघडून खात्री केली आणि त्यानंतर म्हणे तो आठवडाभर स्वतःचा जेवणाचा डबा न्यायचाच बंद झाला.

हे एवढं सांगितलं, कारण पुढे जे घडलं त्यात मी या माणसाशी वाईट वागले.

शिरूरला डॉक्टर देवकर नावाचे सर्जन होते. हात चांगला, स्वभाव घाईचा. एका सोमवारी त्यांच्याकडून नमुना आला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'डोक्यावरची गाठ. चरबीची असावी. अपेक्षेपेक्षा जास्त रक्तस्राव.' हे शेवटचं वाक्य देवकरांनी सौम्य करून लिहिलं होतं. त्यांनी नंतर मला सांगितलं की चिरा दिल्याबरोबर नळ सुटावा तसं रक्त उडालं. तेव्हा गाठ काढायचा नाद सोडून त्यांनी कातडीचा आणि आतला असे तुकडे घेतले, टाके घातले, डोकं आवळून बांधलं आणि स्वतः खुर्चीत बसून साखरपाणी प्यायले.

बुधवारी काच तयार झाली. मी डोळा लावला आणि मला थायरॉइड दिसली.

थायरॉइड ही गळ्यात, कंठमण्याखाली बसलेली ग्रंथी. सूक्ष्मदर्शकाखाली ती इतकी वेगळी दिसते की पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ओळखील. गुलाबी लगद्याने भरलेल्या गोल गोल जागा आणि प्रत्येकीच्या कडेने पेशींची ओळ. डोक्यावरच्या गाठीत असं काही दिसायचं कारणच नव्हतं. पण त्याच सोमवारी दौंडहून एका बाईंच्या गलगंडाचा नमुनाही आला होता. मग काय समजायचं ते मी समजले. बाटल्यांची अदलाबदल.

ज्याच्या अहवालावर एखाद्याचा जीव अवलंबून असतो, त्याच्या अंगावर या शब्दाने काटा येतो. माझ्या अंगावर आला आणि त्याचा राग मी रफिकभाईंवर काढला. रक्त द्यायला आलेले चार पेशंट बाकावर बसले होते, त्यांच्यासमोर मी रफिकभाईंना म्हणाले की इतकी वर्षं काम करून साधं लेबल सांभाळता येत नसेल तर कठीण आहे. त्यांनी नोंदवही माझ्यासमोर सरळ करून ठेवली, ॲप्रन खुंटीला लावला आणि दौंडची एसटी पकडली. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही.

गुरुवारी मी गलगंडाची काच बघितली. अदलाबदल झाली असती तर तिच्यात डोक्यावरची चरबी दिसायला हवी होती. दिसली थायरॉइडच, साधी, निरुपद्रवी. तेव्हाच मी थांबायला हवं होतं. पण राग हा असा की त्याचं एक कारण गेलं तर तो दुसरं शोधतो. मी ठरवलं, रफिकभाईंनी दोन्ही ठोकळे एकाच बाटलीतून केले.

त्याच संध्याकाळी मी डोक्याच्या गाठीची मूळ बाटली उघडली. तळाशी त्यांनी राखून ठेवलेला तुकडा होता. तो रात्रभर मुरवून मेणात घालणं, काप काढणं हे सगळं मला स्वतःला करावं लागलं. काप काढायच्या यंत्राला मी कित्येक वर्षांत हात लावला नव्हता. पहिले वीस काप चुरगळले, पुढचे दहा काचेऐवजी माझ्या बाहीला चिकटले. शुक्रवारी सकाळी एकतिसावा जमला.

तो रंगवून बघितला. वर कातडी. कातडीत केसांची मुळं, चांगली दाट, काही पिकलेली. आणि त्यांच्या थेट खाली, एकाच कापात, एकाच काचेवर, थायरॉइड.

गळ्यातल्या ग्रंथीवर केस उगवत नाहीत. म्हणजे बाटली बरोबर होती, लेबल बरोबर होतं, ठोकळा बरोबर होता. चूक फक्त माझी होती. थायरॉइडचा एक प्रकारचा कॅन्सर रक्तावाटे प्रवास करतो. बहुतेक वेळा फुप्फुसात जातो, हाडात जातो. क्वचित कवटीवर जाऊन बसतो आणि तिथे गाठ होते. रक्ताने भरलेली, धडधडणारी. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्यावर मार्कही मिळवले होते. आणि प्रत्यक्ष समोर आलं तेव्हा टेक्निशियनला रागावले होते.

त्याच दुपारी मी दौंडला गेले. रफिकभाई दारात सायकलचं पंक्चर काढत होते. माझं माफी मागण्याचं भाषण तयार होतं, एसटीत दोनदा म्हणून झालं होतं. मी आधी काच त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाला धरली, केसांच्या मुळांचे ठिपके त्यांना नुसत्या डोळ्यांनीच दिसले असावेत.

"रफिकभाई, माझं चुकलं," मी म्हणाले.

"ते राहू द्या नंतर," ते म्हणाले. "पेशंटला कळवलं का?"

कळवलं नव्हतं. त्यांनी सायकल तशीच उलटी ठेवली आणि माझ्याबरोबर शिरूरला आले.

पेशंट शनिवारी पट्टी बदलायला येणार होता. देवकरांनी मला बोलावून घेतलं, आणि नोकरीत पहिल्यांदाच मी एका तुकड्याचा मालक बघितला. मांडवगण फराट्याचे धोंडिबा आबा. पासष्टीचे, काटक. वाडवडलांपासून मेंढरं घेऊन फिरणारं घर. आबांनी पन्नाशीनंतर कळप मोडून चार एकरांत ऊस लावला होता. बरोबर बायको सोनाबाई आणि तिचा भाऊ दगडूमामा, तळेगाव ढमढेऱ्याचा.

गाठीचा इतिहास विचारला तर आबांनी मेहुण्याकडे बोट दाखवलं. "ह्येच्या मेंढ्यानं केलं."

झालं होतं ते असं. नऊ-दहा वर्षांपूर्वी दगडूमामाच्या मेंढ्याने आबांना डोक्यात धडक दिली होती. टेंगूळ आलं, आठ दिवसांत बसलं. पुढे पाच-सहा वर्षांनी त्याच बाजूला गाठ दिसायला लागली, लिंबाएवढी, मग मोसंबीएवढी. मधल्या वर्षांचं काय, असं विचारलं तर आबा म्हणाले की धडक अंगात मुरायला वेळ लागतो. गाठीवर हात ठेवला की धडधड लागायची, तो मेंढ्याचा राग. तेव्हापासून दर सणाला, दर लग्नात, दर पंगतीत आबा फेटा काढून मेहुण्याचा गुन्हा पाहुण्यांना दाखवत आले होते. मेंढा केव्हाच मेला होता. दगडूमामा मात्र अजून खाली मान घालून जेवत होता.

मी आबांचा गळा बघितला. वरून काही दिसेना. तांब्याभर पाणी मागवलं आणि त्यांना एक घोट गिळायला सांगितलं. गिळताना कंठमण्याखाली उजवीकडे बोराएवढी गाठ वर सरकली आणि खाली गेली. मी देवकरांना दाखवली, त्यासाठी दुसरा घोट. देवकरांनी नर्सला बोलावलं, तिसरा. रफिकभाईंना बघायची होती. सोनाबाईंनाही बघायची होती. तांब्या संपला.

"दुखतंय डोकं आन् पाणी पाजत्यात," आबा म्हणाले.

मग मी त्या तिघांना समजावून सांगितलं. गळ्यात ही बारकी गाठ आहे, ती कॅन्सरची आहे, तिचं बी रक्तातून वर गेलं आणि डोक्यावर रुजलं. डोक्यावरची गाठ ही मुळात गळ्याची आहे. उपाय आहे. पुण्याला गळ्याची ग्रंथी काढायची, नंतर मुंबईला एक औषध घ्यायचं. वेळ घालवू नये.

असं काही सांगितलं की खोलीत काय होतं ते मला देवकरांकडून ऐकून माहीत होतं. कुणी रडतं, कुणी भिंतीला टेकतं. इथे तसं काही झालं नाही. मग सोनाबाईंनी पदर खांद्यावर सारखा केला.

"म्हंजी माझ्या भावाच्या मेंढ्यानं कायबी केल्यालं न्हाई?"

मी म्हटलं, नाही, मेंढ्याचा काही संबंध नाही.

त्या नवऱ्याकडे वळल्या. त्यांनी फक्त बघितलं, पण ते बघणं असं होतं की देवकर पट्टीचं सामान आणायला बाहेर गेले.

इथे खरी अडचण सुरू झाली. आबांनी गळा कापून घ्यायला साफ नकार दिला. दुखणं डोक्याला आणि सुरी गळ्याला, हे त्यांना पटेना. त्यामागे आणखी एक गोष्ट होती, ती सोनाबाईंनी मला नंतर सांगितली. गळ्याचं खरं मानलं तर इतकी वर्षं पंगतीत केलेला आरोप खोटा ठरत होता, आणि तो आरोप गावात सगळ्यांना तोंडपाठ होता. आबा घरी गेले ते आलेच नाहीत. एक आठवडा गेला, दोन गेले. देवकरांनी निरोप धाडले. आबांचं उत्तर यायचं, उसाची तोड झाल्यावर बघू. मला झोप लागेना. आधीच तीन दिवस मी माझ्या रागापायी घालवले होते.

तिसऱ्या आठवड्यात दगडूमामा एकटाच लॅबमध्ये आला. टोपी हातात, आवाज हळू. त्याला एक कागद हवा होता.

"लिवून द्या मॅडम, मेंढा निर्दोष हाय म्हनून. शिक्क्यासकट."

मी म्हटलं, असं प्रमाणपत्र मी देत नाही. तो म्हणाला, गेल्या दिवाळीला भाच्याच्या सासरच्यांनीसुद्धा मला मेंढेवाला म्हटलं. त्याचे डोळे भरून आले होते. मी रफिकभाईंकडे बघितलं. ते नोंदवहीतून मान वर न करता म्हणाले, "मॅडम, खोटं तर काही नाही त्यात."

मग माझ्या छापील कागदावर मी लिहिलं: 'सूक्ष्मदर्शक तपासणीअंती असे आढळले, की धोंडिबा आबा यांच्या डोक्यावरील गाठ कोणत्याही जनावराच्या धडकेमुळे झालेली नसून ती त्यांच्याच गळ्यातील थायरॉइड ग्रंथीतून आलेली आहे. गळ्यावर त्वरित शस्त्रक्रिया आवश्यक.' खाली सही, शिक्का. माझ्या साऱ्या कारकिर्दीत इतका आनंद कुठल्या अहवालाने कुणाला झाला नसेल.

दगडूमामाने तो कागद थेट मांडवगणला नेला आणि बाजाराच्या दिवशी पारावर एका शिक्षकांकडून मोठ्याने वाचून घेतला. दोनदा. लोकांनी मेंढ्याची बाजू घेतली. कुणीतरी म्हणालं, मुकं जनावर, त्याला आपली बाजू मांडता आली नाही. आबांनी फेटा काढून गाठ दाखवली, पण आता लोक गाठीकडे न बघता त्यांच्या गळ्याकडे बघू लागले. एक-दोघांनी पाणी पिऊन दाखवायला सांगितलं. पुढचे दोन दिवस ते ज्या घरी जातील तिथे चहाआधी तांब्या पुढे यायला लागला आणि घरची माणसं कंठाकडे टक लावून बसायची.

तिसऱ्या दिवशी आबा देवकरांकडे हजर झाले. गावानं ठरवलंच हाय तर द्या उरकून, एवढंच म्हणाले. पुण्याला शस्त्रक्रिया झाली तेव्हा तीन दिवस त्यांच्या उशाशी दगडूमामा बसून होता. या दोघांनी त्या तीन दिवसांत एकमेकांची माफी मागितली की नाही ते कुणाला माहीत नाही. आबांना बोलायची परवानगी नव्हती, आणि दगडूमामा तसाही कमीच बोलायचा. पण घरी परतताना आबांची पिशवी दगडूमामाच्या हातात होती आणि दगडूमामाची टोपी आबांच्या डोक्यावर.

पुढचा भाग म्हणजे किरणांचं औषध. थायरॉइडच्या पेशींना आयोडीनची हाव असते. शरीरात कुठेही दडून बसल्या असल्या तरी आयोडीन आलं की त्या ओढून घेतात. तेव्हा किरणं सोडणारं आयोडीन पाजायचं, त्या हावरेपणाने ते खातात आणि त्यानेच मरतात. मात्र त्याआधी त्यांना महिनाभर उपाशी ठेवावं लागतं. आयोडीन घातलेलं पुडीतलं मीठ बंद, फक्त जाडं खडामीठ. आणि ग्रंथी काढल्यावर जी गोळी लागते ती त्या काळात महिनाभर थांबवायची. तिच्याविना माणूस थंड आणि संथ होतो. वैशाखात आबा घोंगडी पांघरून उन्हात बसायचे. एक वाक्य सुरू केलं की ऐकणारा गोठ्यात जाऊन धार काढून परत यायचा, तेव्हा ते क्रियापदापर्यंत पोचलेले असायचे. सोनाबाई म्हणाल्या, लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना नवऱ्याचं पुरतं ऐकून घेता आलं.

मुंबईला औषध घेतल्यावर त्यांना चार दिवस एका खोलीत एकटं ठेवलं. उभं आयुष्य उघड्यावर झोपलेला माणूस. नर्स दारातूनच ताट सरकवायची. आबांनी सांगितलं, पहिल्या रात्री ते घाबरले होते, आपण मेलो तर ही माणसं आत येतील का, असं त्यांना वाटत होतं. हे त्यांनी हसत सांगितलं, पण सोनाबाई हसल्या नाहीत. आजाराचं नाव कळल्यापासून त्या पहिल्यांदा रडल्या, ते हे ऐकून.

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहा. नेमकी तेव्हा सोसायटीची निवडणूक होती आणि दोन्ही पॅनेलचे लोक मतासाठी दारात येत होते. आबांनी ते 'काही दिवस' दीड महिना ताणले. गाडी फाटकाशी थांबली की ते ओट्यावरून हात वर करायचे, "किरनं निघत्यात अजून." पुढारी फाटकाबाहेर उभे राहून हात जोडायचे आणि भाषण न करता निघून जायचे. ही सवलत मिळवायची कशी, असं विचारायला गावातले तिघे देवकरांकडे येऊन गेले म्हणतात.

डोक्यावरची गाठ हळूहळू बसली, पुढे मुळापासून काढलीही. तपासणीच्या एका खेपेला, ते वर्ष संपता संपता, आबा लॅबमध्ये आले. त्यांना ती गाठ बघायची होती. इतकी वर्षं काम केलं, पण असं कुणी मागितलं नव्हतं. रफिकभाईंनी केसांवाली काच काढली, सूक्ष्मदर्शकावर लावली, स्टूल पुढे केलं आणि कोणता डोळा मिटायचा ते शिकवलं.

आबा बराच वेळ बघत राहिले.

"ह्ये तर वाडं हायती मेंढरांचं," ते म्हणाले. "रानात बसवतो तसं. कडंनी समदी, मधी मोकळं."

मीही ते कित्येक वर्षं बघत होते. मला कधी तसं दिसलं नव्हतं. त्यांच्यानंतर मी डोळा लावला, आणि खरंच, गोल गोल वाडे होते, एकाला लागून एक. नंतर मला दुसरं काही दिसेना.

आबांनी विचारलं, ही गळ्याची की डोक्यावरची. रफिकभाई म्हणाले, डोक्यावरची. पण ही मेंढरं बसतात कुठेही गेली तरी अशीच.

आबांनी पुन्हा डोळा लावला. काचेवरून डोळा न काढता विचारलं, "समदी मेली का मॅडम?"

खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हटलं, बहुतेक मेली. एखाददुसरी कुठे दडून राहिलेली असू शकते. म्हणून दर वर्षी यायचं, तपासून जायचं.

ते उठले, फेटा नीट केला, दारातली काठी घेतली.

"येतो की," ते म्हणाले. "राखनीची सवय हाय मला."

मी निवृत्त होईपर्यंत त्यांची एकही खेप चुकली नाही.